मुदत सरलेली कार्यप्रणाली आणि मराठी दप्तर

इ. स. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याची १४ तारीख मंगळवारी आली. दिवाळी आठवड्यावर येऊन ठेपली होती, यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनच्या मळणीची घाई चालली होती आणि कपाशीच्या पहिल्या वेचणीचे वेध लागले होते. अशा त्या ऐन हंगामाच्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने, पूर्वी जाहीर केल्याप्रमाणे, विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. या कारणाने त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. ज्या सेवा केंद्रांत शेतकरी सातबाऱ्याचा उतारा काढावयास, पीकविम्याचा अर्ज भरावयास आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळावयास येतात, तेथील पडदा दुसऱ्या दिवशी सकाळीही नेहमीसारखाच उजळला. पतसंस्थेतील खातेवही उघडली, जिनिंगच्या वजनकाट्याची पावती निघाली, छापखान्यात लग्नपत्रिका जुळविली गेली. या विषयातील खरी अडचण हीच होय. मुदत सरलेली कार्यप्रणाली बाहेरून मुदतीतल्या प्रणालीसारखीच दिसते, तशीच चालते, आणि म्हणून तिच्याविषयीचा निर्णय पुढे ढकलण्यास रोज एक नवे आणि सबळ कारण सापडत राहते.

मला या प्रकरणात प्रामुख्याने हे प्रतिपादन करावयाचे आहे की, कार्यप्रणाली बदलण्याच्या कामाकडे यंत्राची किरकोळ दुरुस्ती म्हणून पाहण्याची आपली रीत आपण सोडून द्यावी, आणि एखाद्या कचेरीचे संपूर्ण दप्तर जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलविताना जी खबरदारी घेतली जाते, जी यादी केली जाते आणि अखेरीस जी रुजुवात घेतली जाते, तीच येथेही घ्यावी. मराठी माणसाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच निकडीची आहे. कारण त्याचे जुने दप्तर ज्या लिपिव्यवस्थेत संगणकावर चढले, ती व्यवस्थाच मधल्या काळात मुळापासून बदलली आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. दुकानदार जेव्हा 'फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो' असे म्हणतो, तेव्हा तो जी वस्तू टाकतो ती ही. संगणकाचा प्रोसेसर, त्याची स्मृती, त्याची डिस्क, त्याला जोडलेले छपाईयंत्र, बोटाचा ठसा घेणारे उपकरण, या सर्वांवर प्रत्यक्ष हुकमत चालते ती कार्यप्रणालीच्या गाभ्याची. आपण ज्यात पत्र लिहितो किंवा हिशेब मांडतो ते प्रोग्राम यंत्राला स्वतः हात लावीत नाहीत. अमुक फाइल उघडून द्यावी, तमुक अक्षर पडद्यावर उमटवावे, एवढा मजकूर कागदावर छापावा, अशी विनंती ते या गाभ्याकडे करतात. प्रत्येक उपकरणाची बोली गाभ्याला समजावून सांगणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. डिस्कवरील फाइलींची मांडणी कशी ठेवावयाची, कोणत्या वापरकर्त्याला कोठवर प्रवेश द्यावयाचा, आणि, पुढील विवेचनासाठी वाचकांनी हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे, कोणत्या लिपीचे अक्षर कसे जोडून दाखवावयाचे, हेही तिच्याच अखत्यारीत येते. गाभा बदलला की या सर्व विनंत्यांची आणि बोलींची पुन्हा जुळणी करावी लागते. कार्यप्रणालीची बढती, म्हणजे जुनीवरून नव्या आवृत्तीवर जाणे, अवघड असते ती याच कारणाने.

आता मुदतीचा प्रश्न. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबली; विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ पासून १४ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळली गेली; विंडोज १० चा आरंभ २९ जुलै २०१५ चा. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यांतून संगणकवर्ग निघाले, आणि पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा अशा गावांतील एका संपूर्ण पिढीची संगणकाशी पहिली ओळख ज्या हिरव्या टेकडीच्या आणि निळ्या आकाशाच्या चित्राने झाली, ते चित्र एक्सपीचे होते. त्या पिढीचा जीव एक्सपीवर जडला तर त्यात नवल नाही. परंतु प्रणाली करणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने पाहता, प्रत्येक जुनी आवृत्ती सांभाळणे म्हणजे तिच्यातील दोष शोधणारी, तो दुरुस्त करणारी आणि ती दुरुस्ती हजारो प्रकारच्या यंत्रांवर तपासून पाहणारी स्वतंत्र मंडळी बाळगणे होय. तेव्हा केव्हातरी मुदत मुक्रर करणे तिला भागच असते.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. या शिरस्त्यातूनच जुन्या प्रणालीचा धोका कसा वाढतो ते समजून घेण्यासारखे आहे. नवी आवृत्ती पुष्कळदा जुन्या आवृत्तीच्याच पायावर उभारलेली असते. त्यामुळे नव्या आवृत्तीत जो दोष सापडतो तो बहुधा जुनीतही दडलेला असतो. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून, नेमके काय बदलले हे कोणीही जाणकार मनुष्य शोधू शकतो, आणि काय बदलले हे कळले म्हणजे दोष कोठे होता हेही कळते. ज्यांची मुदत शिल्लक आहे त्यांना दुरुस्ती मिळते. ज्यांची सरली आहे त्यांच्या पदरी मात्र त्या दोषाचा जाहीर झालेला पत्ता तेवढा येतो. मुदत संपल्याच्या दिवशी काही घडत नाही हे खरे. पुढे येणारा प्रत्येक दुसरा मंगळवार मात्र त्या यंत्राची असुरक्षितता थोडी थोडी वाढवीत जातो.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर जो हाहाकार उडविला, ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांतील शस्त्रक्रियासुद्धा ज्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या, त्याने विंडोजमधील ज्या दोषातून प्रवेश मिळविला त्याची दुरुस्ती १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध झाली होती. एक्सपीची मुदत तीन वर्षांपूर्वी सरलेली असतानाही मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तथापि येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या प्रसंगी बाधित झालेली बहुतांश यंत्रे एक्सपीची नसून विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ची मुदत त्या वेळी पुष्कळ शिल्लक होती; दुरुस्ती हाताशी असून ती करून घेतली गेली नव्हती, एवढाच काय तो त्यांचा अपराध. म्हणजे नवी प्रणाली टाकून घेतली आणि नंतर 'इंटरनेट संपते' म्हणून तिच्या दुरुस्त्या बंद करून ठेवल्या, तर बढतीचा खर्च वाया गेला असेच समजावे. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, त्याच दोषाचा आश्रय घेणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या प्रोग्रामाने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प केले. कंटेनर जागेवर होते, क्रेन जागेवर होत्या, परंतु कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारे दप्तर बंद पडले होते.

सार्वजनिक व्यवहारात असे काम कसे पार पाडावे याचा एक चांगला दाखला रिझर्व्ह बँकेने घालून दिला आहे. देशातील कितीतरी एटीएम यंत्रांच्या पोटात एक्सपीच चालू होती. प्रथम इशारा देऊनही सुधारणा संथ आहे असे दिसल्यावर बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने हप्तेबंद मुदती बांधून दिल्या: सप्टेंबर २०१८ अखेर किमान २५ टक्के यंत्रे, डिसेंबरअखेर ५०, मार्च २०१९ अखेर ७५, आणि जून २०१९ अखेर सर्व. एटीएम यवतमाळच्या भरवस्तीत असो वा झरी-जामणीच्या डोंगराळ भागात, हुकूम सर्वांना सारखाच लागू होता. मला या परिपत्रकातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे त्याचे अपूर्णांक. 'सर्वांनी शक्य तितक्या लवकर' अशा ताकिदीने काम होत नाही. पहिल्या चतुर्थांशात ज्या अडचणी निघतात त्यांचे उत्तर उरलेल्या तीन चतुर्थांशांना आयते मिळावे, अशी तजवीज त्या अपूर्णांकांत आहे. एखाद्या शाळेला किंवा पतसंस्थेला आपले चारच संगणक बदलावयाचे असले तरी तिनेही प्रथम एकच बदलावा, महिनाभर त्यावर खरे काम करून पाहावे आणि मग पुढे जावे.

बढती सोपी कोणती आणि अवघड कोणती, हे ओळखण्यास यवतमाळकरांना शकुंतला रेल्वेच्या इतिहासाहून उत्तम दृष्टान्त मिळणार नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. इंजिन बदलले, परंतु ७६२ मिलिमीटरचा मार्ग तोच राहिला. म्हणून दारव्हा-मोतीबागचे स्थानक, डबे, रूळ, सांधे, काही म्हणता काही बदलावे लागले नाही. विंडोज १० वरून ११ वर जाणे हे पुष्कळ अंशी तसे आहे. याच्या उलट, वर्धा-यवतमाळ-नांदेड हा १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग घातला जात आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरूही झाला. त्या मार्गावर शकुंतलेचा एकही डबा चढणार नाही. संगणकाच्या जगात ३२ बिटांच्या प्रणालीवरून ६४ बिटांच्या प्रणालीवर जाणे हे असे मार्गाची रुंदी बदलणे होय. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचीच निघते, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या काळातील १६ बिटांचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नव्हे. १९९० च्या दशकात सहकारी संस्थांचे, अडत्यांचे आणि जिनिंगचे हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहून देणारे पुष्कळ जाणते प्रोग्रामकार महाराष्ट्रात होते, आणि त्यांनी लिहिलेले प्रोग्राम इतके नेकीचे होते की कित्येक ठिकाणी ते दशकेच्या दशके चालत राहिले. लिहिणारा आता हयात किंवा संपर्कात नसतो, मूळ प्रोग्रामाची प्रत कोणाजवळ नसते, आणि 'हा संगणक बदलला तर हिशेब बुडेल' या एकाच भीतीने संस्था जुन्या यंत्राला जीव लावून बसते. भीती समजण्याजोगी आहे, परंतु तिचे निवारण अशक्य नाही. फॉक्सप्रोचा हिशेब ज्या डीबीएफ फाइलींत साठतो त्या लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य प्रोग्रामात आजही उघडतात आणि तेथून त्यांची साधी कोष्टके करून ठेवता येतात. आणि प्रोग्राम तसाच्या तसा चालविणे आवश्यकच असेल, तर डॉसबॉक्स नावाचा, डॉसच्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविणारा प्रोग्राम नव्या संगणकावर घेऊन त्याच्या आत तो चालविता येतो. हिशेब आणि हिशेबाचा प्रोग्राम या दोन वस्तू वेगळ्या आहेत, एवढे ओळखले की निम्मी धास्ती ओसरते.

आता मराठी दप्तराकडे वळू. वर म्हटल्याप्रमाणे येथेच आपली गोष्ट इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या गोष्टीहून निराळी होते.

संगणकावर देवनागरी आणण्याच्या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले धुरीण डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे, म्हणजे शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाकडचे. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभलेले जिस्ट हे भारतीय लिप्यांचे तंत्र या संस्थेने पुढे वाढविले, आणि डॉसच्या संगणकात जिस्टचे कार्ड खोवून मराठीत लिहिता येऊ लागले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतावली मान्य केली; त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देऊ पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. विचार दोन्ही ठिकाणी योग्य होता. परंतु विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांना देवनागरीची जोडाक्षरे जुळविता येत नव्हती, आणि छापखान्यांना व कचेऱ्यांना तर मराठी त्याच दिवशी हवी होती. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फाँट काढले आणि रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसविले. संगणकाच्या समजुतीप्रमाणे तो रोमन लिपीतील काही निरर्थक अक्षरे साठवीत असे. त्या अक्षरांना मराठी रूप देत असे तो केवळ फाँट. आणि प्रत्येक कंपनीने तुकडे निरनिराळ्या घरांत ठेवल्यामुळे एकीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसरीच्या फाँटात वाचता येत नसे.

या व्यवस्थेवर महाराष्ट्राने वीस वर्षे आणि अधिक काळ काढला. रेमिंग्टनच्या टंकयंत्रावर बसलेला हात जसाच्या तसा वापरता येत असल्यामुळे कारकुनांनाही ती सोयीची पडली. हुकूम, नोटिसा, सभांची इतिवृत्ते, शाळांची प्रमाणपत्रे, पतसंस्थांचे अहवाल, गावोगावच्या लेखकांची हस्तलिखिते, सर्व काही तिच्यात आहे. आता कल्पना करावी की अशा संगणकावर, पुरेशी चौकशी न करता, कोणी नवी विंडोज टाकून दिली. जुने फाँट गेले, ते चालविणारा प्रोग्राम गेला, त्याची परवानगी ज्या डोंगलमध्ये होती ते ज्या रुंद पोर्टला लागे ते पोर्टच नव्या यंत्राला नाही. फाइली सर्व जागच्या जागी आहेत, एकही अक्षर पुसले गेलेले नाही, आणि तरी उघडल्यावर दिसतात ती फक्त रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. दप्तर शाबूत असून वाचणारा नाही, अशी ही स्थिती.

म्हणून बढतीच्या आधी, जुना संगणक चालू असतानाच, जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणून घेतला पाहिजे. त्यासाठी परिवर्तक प्रोग्राम मिळतात, परंतु ते काय करतात हे समजल्याशिवाय त्यांच्यावर विसंबणे बरे नाही. या जिल्ह्यातीलच दोन गावांची नावे घेऊ. 'दिग्रस' लिहिताना जुन्या फाँटमध्ये, टंकयंत्राच्या रीतीने, वेलांटी आधी आणि द नंतर साठविला जाई; युनिकोडमध्ये उच्चारानुसार द आधी आणि वेलांटी नंतर. 'आर्णी'चा प्रकार याच्या उलट: जुन्या फाँटमध्ये रफार अगदी शेवटी, ण आणि वेलांटी झाल्यावर येई, युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे ण च्या आधी येतात. म्हणजे परिवर्तकाला एका घरातील तुकडा उचलून दुसऱ्या घरात ठेवणे एवढेच करावयाचे नसते. त्याला अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ओळखून क्रमही फिरवावा लागतो, आणि जेथे त्याची ओळख चुकते तेथे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

याहून सूक्ष्म अडचण आहे ती या जिल्ह्याच्या कागदपत्रांत सर्वांत अधिक वेळा येणाऱ्या शब्दाची. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील जो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, तो हिंदीत नाही, मराठीत आहे, आणि युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: एक, २३५३ या क्रमांकाचा नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त यांनी, दुसरी, २३५२ क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत. एका रीतीने लिहिलेल्या दप्तरात दुसऱ्या रीतीचा शब्द शोधावयास सांगितले, तर साधा शोधप्रोग्राम 'आढळ नाही' असे उत्तर देऊन मोकळा होतो. ज्या जिल्ह्यात कर्जमाफीच्या, नुकसानभरपाईच्या आणि विम्याच्या याद्या धुंडाळण्याची वेळ वारंवार येते, तेथे ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. तेव्हा परिवर्तन करून घेताना संपूर्ण दप्तरात एकच रीत ठरवावी, पहिली रीत पत्करावी हे बरे, आणि परिवर्तनानंतर शेतकऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर असे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत.

येथे नव्या प्रणालीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. एक्सपीमध्ये युनिकोडची मराठी होती, पण ती सुरू करण्यासाठी सेटिंगमध्ये शिरून एक खूण करावी लागे आणि बहुधा मूळ सीडी घालावी लागे. एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून पुढे ती प्रणालीबरोबर आपसूक येऊ लागली, आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या जोडीला उच्चारानुसारी मराठी कळफलकही आला. म्हणजे प्रत्येक बढतीबरोबर मराठी लिहिणे सोपे झाले आहे. जुन्या प्रणालीला चिकटून राहण्यात मराठीचे रक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम पाहावा.

दप्तर सुरक्षित झाले म्हणजे मग यंत्राचा विचार. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा तत्सम प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी जागा लागते. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक, चालण्यास धडधाकट असूनही, अपात्र ठरतात. कसल्याशा युक्तीने अट चुकवून ती टाकून देणारेही भेटतात. परंतु अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या देखभालीसाठी खटाटोप केला तिच्याचविषयी साशंक राहावे लागणार असेल तर तो मार्ग मला शहाणपणाचा वाटत नाही. व्यक्तिगत वापरकर्त्यांना विंडोज १० वरच, नोंदणी करून, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. तिचा उपयोग एक वर्षाची सवड म्हणून करावा. विंडोज ७ वर जे अजून थांबले आहेत त्यांना आपले प्रोग्राम राखून एकदम ११ वर जाता येत नाही. मध्ये १० चा मुक्काम करावा लागतो, नाहीतर डिस्क पुसून नव्याने मांडणी करावी लागते. जितके मुक्काम चुकविले तितका पुढचा प्रवास लांबतो.

अपात्र ठरलेल्या परंतु सशक्त यंत्रांसाठी, विशेषतः शाळांतील संगणककक्षांसाठी, लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या गाभ्यावर पुढे अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांतील डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवक चालवीत आले आहेत, आणि सी-डॅकने काढलेली बॉस ही भारतीय प्रणाली तिच्याच पायावर आहे. उबंटूच्या दीर्घमुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघतात आणि पाच वर्षे सांभाळल्या जातात. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, डिस्कला हात न लावता, ही प्रणाली आपल्या छपाईयंत्रासह चालते की नाही हे आधी पाहता येते. डेबियनच्या बढतीची शिस्त मला अनुकरणीय वाटते: आवृत्ती गाळून उडी मारावयाची नाही, प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जे सूचनापत्र निघते ते आधी संपूर्ण वाचावयाचे, मग जुनी आवृत्ती तिच्या शेवटच्या दुरुस्तीपर्यंत आणून ठेवावयाची, आणि मगच प्रोग्रामांच्या भांडाराचा पत्ता बदलून नवीकडे वळावयाचे. मात्र जेथे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि ठसायंत्र यांच्यावर रोजीरोटी अवलंबून आहे, अशा सेवा केंद्राने त्या उपकरणांचे लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात याची खात्री झाल्याशिवाय या मार्गाने जाऊ नये.

प्रत्यक्ष कामाच्या दिवसाविषयी थोडे. या जिल्ह्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि बढती अर्ध्यावर असता वीज गेली तर यंत्र ना जुने ना नवे अशा अवस्थेत अडकू शकते. म्हणून लॅपटॉप असेल तर पूर्ण भरलेला आणि जोडलेला, टेबलावरचा संगणक असेल तर इन्व्हर्टरवर, आणि वळवाच्या वादळाच्या दिवसांत तर संध्याकाळी मुळीच नाही, असा नियम ठेवावा. प्रणालीची फाइल कित्येक जीबीची असते; जेथे जाळे क्षीण आहे तेथील मंडळींनी ती तालुक्याच्या गावी किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून आणावी, आणि ती निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी. त्याआधी दप्तराच्या दोन प्रती, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक वेगळ्या जागी, करून त्यांतील निदान पाच-दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. छपाईयंत्र, स्कॅनर, ठसायंत्र, स्वाक्षरीचे टोकन यांची यादी करून नव्या प्रणालीचे त्यांचे ड्रायव्हर आधीच आणून ठेवावेत. इंटरनेट एक्स्प्लोरर हा जुना ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला आणि विंडोज ११ मध्ये तो नाही. एखादे जुने कार्यालयीन संकेतस्थळ त्याच्याशिवाय चालत नसेल, तर एज या ब्राउझरमध्ये त्याची जुनी रीत चालू करता येते, हे आधी ठाऊक असावे. बढतीनंतर विंडोज जुनी प्रणाली एका कप्प्यात दहा दिवस राखून ठेवते आणि तेवढ्या अवधीत मागे फिरता येते. म्हणून रुजुवात त्या दहा दिवसांतच पुरी व्हावी. एक उतारा छापावा, एक अर्ज ठशासह भरावा, एका दस्तऐवजावर स्वाक्षरी करावी, गेल्या दहा वर्षांतील प्रत्येक वर्षाची एक मराठी फाइल उघडून वाचावी, आणि जे जे तपासले त्यापुढे तारीख व सही घालून तो कागद संचिकेत लावावा.

उरतो तो जुना संगणक. तो भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क काढून, वर तारीख लिहून, वर्षभर कुलपात ठेवावी. दप्तरातील एखादी विसरलेली फाइल बहुधा मार्चअखेरच्या हिशेबात आठवते. वर्ष उलटल्यावर ती डिस्क, फाइली नुसत्या पुसून नव्हे, तर तिच्या प्रत्येक घरावर नवा मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामने साफ करून, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावी. तिच्यावर गावच्या शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आहेत, बँकेची खाती आहेत, सातबाऱ्याचे गट क्रमांक आहेत. आणि ते त्यांनी सेवा केंद्राच्या चालकाला एका अर्जापुरते विश्वासाने सांगितलेले आहेत.